काटकोनी चर्चमधला नऊचा पाढा

नवा पाळक युनहो याला कोरियातल्या एका डोंगरगावच्या जुन्या चर्चचा इतिहास हवा होता. तो बसथांब्यावर येऊन टेकला, तर इतिहास शेजारीच किमचीसोबत उकडलेली रताळी खात भांडत होता. म्हातारा दोकसू आणि त्याची बायको ओकबुन.

ओकबुन म्हणत होती, "चर्च काटकोनात बांधलं होतं ते काय उगाच? एका बाजूला बाप्ये, दुसऱ्या बाजूला बाया. दोन्हीकडचं दिसायचं ते फक्त कोपऱ्यातल्या पाळकाला."

"आठवडाभर तिथंच आपली शाळा. पाळकाच्या जागी मास्तर आणि त्यांची छडी."

"मग मला पाहिलंत कुठं?"

"पाहतोय कशाला? नऊचा पाढा म्हणायचीस तू, घंटेसारखा खणखणीत! आवाज पहिल्या रांगेतून यायचा. आईला सांगितलं, पहिल्या रांगेतली ती पोरगीच करीन."

"अहो, पहिल्या रांगेत दोघी होतो. पाढा सुनदोक म्हणायची. मी नुसतं तोंड हलवायची."

"काय सांगतेस! तरीच आपल्या पोरांना पाढे शिकवायचं माझ्या गळ्यात पडलं!"

"असू दे. प्रार्थना संपली की छप्पर उडेल असं 'आमेन' म्हणणारा पोरगा तरी तुम्हीच ना? त्याच्यावरच तर मी हो म्हटलं."

दोकसूनं अख्खं रताळं तोंडात कोंबलं.

"अहो, मी काय विचारतेय?"

"ऊठ, ऊठ, बस आली. आवाज ऐकला मी."

"बसा खाली. तुमच्या कानांवर भरवसा ठेवला, तर सुनदोकच्या दारात जाऊन उतरू."