ब्रेड गेला, बटर राहिलं

मार्मलेडचं नंतर बघू हो. बरण्या काही पळून जात नाहीत. परीक्षक म्हणून बोलावलंत, आले, दोन बरण्या चाखल्या, तिसरीचं झाकण उघडतेय तोवर तुमच्यातल्याच कुणीतरी अगदी गोड आवाजात विचारलंत, 'पॉलीन, तुझ्या मिस्टरांचं कसं चाललंय? रिटायर झाल्यावर मन रमतं ना?' रमतं ना म्हणे! अहो, त्याचं इतकं रमलंय की माझं उडालंय. आता विषय काढलातच तर ऐका, आणि कुणी मध्ये 'अय्या, इंटरेस्टिंग' म्हणू नका, कारण तो एक शब्द म्हणण्यातच माझं अर्धं आयुष्य गेलंय.

आमचा डेसमंड. जन्मभर शाळेत पोरांना लॅटिन शिकवलं. रिटायर झाला तेव्हा मला वाटलं, चला, आता चार लोकांच्या नवऱ्यांसारखा हाही बागेतल्या शेडमध्ये जाऊन बसेल, रेडिओवर क्रिकेट ऐकेल, गुलाब छाटताना बोट कापून घेईल, मी पट्टी बांधीन, झालं. पण नाही. एके दिवशी सकाळी नाश्त्याला बसला आणि बशीतल्या ब्रेडकडे असा बघायला लागला की मला वाटलं झुरळबिरळ निघालं. म्हणाला, 'पॉलीन, ब्रेड हा शब्द आपला नाही.' म्हटलं, मग कुणाचा? शेजारच्यांचा?

तर तुम्हाला सांगते, त्याचं म्हणणं असं, की इंग्रजीत शब्दांची दोन घराणी. एक जर्मनांच्या नात्यातलं. म्हणजे ब्रेड, मिल्क, वॉटर, हाऊस, शू, स्पून, सगळे घरातले, चपला घालून फिरणारे. दुसरं लॅटिन घराणं, सूटबूट घातलेलं. आणि हे पहिलं घराणं म्हणे अडाणी, खेडवळ, दीड हजार वर्षांपूर्वी होडीतून आलं आणि बसलं पाय पसरून. त्याला आता बाहेर काढायचं आणि प्रत्येक शब्दाच्या जागी लॅटिनपासून घडवलेला नवा शब्द बसवायचा. कोण बसवणार? हा. एकटा. आमच्या जेवणाच्या टेबलावर. ब्रेडचा झाला 'पॅनिट'. बटर मात्र राहिलं, कारण बटर म्हणे मुळातलं लॅटिन. ब्रेड गेला, बटर राहिलं, आता ते लावायचं कशाला, माझ्या कपाळाला? पण मी काही बोलले नाही.

आपण बोलतच नाही ना. आपल्या इंग्रज लोकांत पोटात आग लागली तरी माणूस म्हणतो, 'आज जरा ऊब आहे नाही?' आणि आणखी एक बिस्किट घेतो.

मग चिठ्ठ्या आल्या. दारावर चिठ्ठी, चमच्यावर चिठ्ठी, बुटांवर चिठ्ठी, कुत्र्याच्या पट्ट्यावर चिठ्ठी. कुत्रं बिचारं 'डॉग'ला शेपूट हलवायचं, 'कॅनिट' म्हटल्यावर खाली मान घालून सोफ्यामागे जायचं, त्याला वाटायचं आपण कार्पेटवर काहीतरी केलं. आणि डेसमंडला जुन्या शब्दात विचारलं तर उत्तरच नाही. 'अरे, दूध देऊ का?' गप्प. 'डेसमंड, दूध!' गप्प, भिंत बरी. मग मी दात ओठ खाऊन म्हणायचं, 'लॅक्टन?' की लगेच, 'हो, थोडंसं.' चहाला मात्र टी म्हटलेलं चालतं. तो शब्द चीनहून आलाय, चिन्यांशी ह्याचं भांडण नाही. असे ते सगळे शब्द मला पाठ करावे लागले. हौस म्हणून नाही हो, उपाशी माणूस घरात बघवत नाही म्हणून.

घरातलं घरात तरी राहावं की नाही? हा ते घेऊन लडलो गावच्या बाजारात गेला. शनिवारची सकाळ, ग्लेनिसच्या बेकरीबाहेर ही रांग. हा खिडकीशी जाऊन ताठ उभा राहतो आणि म्हणतो, 'पॅनिट.' ग्लेनिस म्हणाली, 'त्याला केमिस्ट समोर आहे, डिअर.' ह्यानं पुन्हा म्हटलं, 'पॅनिट.' तिनं ह्याच्या पोटाकडे सहानुभूतीनं बघितलं आणि म्हणाली, 'आमच्या ब्रायनलाही झालं होतं. पाणी भरपूर पी.' मागे रांग वाढतेय, पाऊस सुरू झालाय, आणि कुणी, एक माणूस, 'बाबा रे, बोटानं दाखव' म्हणेल? नाही. सगळे आपापल्या छत्रीखाली ढगांकडे बघतायत. शेवटी मीच मागून हात लांब करून पाव उचलला. वर ग्लेनिसला साधं 'थँक्यू' म्हणायचं, तर तेही बंद! थँक्यू जर्मनांकडचं, सॉरी जर्मनांकडचं. मला सांगा, आपल्याकडे सॉरी न म्हणता माणूस रस्ता तरी ओलांडू शकतो का? एखाद्या म्हातारीच्या पायावर ह्याचा पाय पडला तरी सॉरीऐवजी हा 'डोलिव्हे' म्हणतो, आणि ती म्हातारी घाबरून पर्स छातीशी धरते. मी सगळीकडे ह्याच्या मागून फिरते, सॉरी-थँक्यू वाटत. नवऱ्याच्या वाट्याची माफी मागून मागून मान दुखायला लागली माझी. पण मी काही बोलले नाही.

आणि घरचं झालं थोडं, तर आमच्या पोरीनं, टेसानं, लग्न ठरवलं. मुलगा गुणी, हाइको नाव, पूल बांधायचं काम करतो, आल्या आल्या भांडी विसळायला उभा राहिला. कुठला म्हणून विचारा ना. ब्रेमनचा, टेसा नोकरीला गेली होती तिथला. जर्मन.

आता गावाला काय, आयतंच मिळालं. 'डेसमंडचा जावई जर्मन, म्हणूनच त्यानं ते शब्द...' अशी पोस्टात कुजबुज, चर्चमध्ये फुलं सजवणाऱ्या बायकांत कुजबुज. पोरीच्या कानावर गेलं. तिनं त्याला सरळ विचारलं, 'बाबा, तुम्हाला हाइको आवडत नाही का?' तर हा म्हणतो, 'हाइकोचा काय संबंध? माझं भांडण पाचव्या शतकातल्या लोकांशी आहे.' झालं का समाधान? हे उत्तर झालं, लग्न ठरलेल्या मुलीला?

पोरगी स्वयंपाकघरात आली, माझ्याशेजारी उभी राहिली आणि हळूच म्हणाली, 'आई, लग्नात वडील भाषण करतात ना, तेव्हा एकदाच, एकदाच त्यांनी माझ्याशी सरळ बोलावं असं वाटतं गं. लहानपणापासून ते माझ्याशी हवापाण्यावर बोलतात, गाडी कुठल्या प्लॅटफॉर्मला येते त्यावर बोलतात. माझ्यावर कधी बोलले नाहीत. त्या दिवशी त्यांनी ते लॅटिन काढलं तर मी उठून जाईन.' तुम्हाला सांगते, माझ्या हातातला बटाटा तसाच राहिला. कारण खरं होतं ते. आणि उठून जाईन म्हणाली म्हणजे गेलीच असती, त्या बाबतीत बापावर गेलीय. मी तिला शब्द दिला. म्हटलं, सरळ बोलेल, मी बघते.

काय बघते? भिंतीशी डोकं आपटून भिंत कधी हललीय? मी समजावलं, मी विनवलं, रात्री पाठ फिरवून झोपले, तर ह्याला ते कळलंच नाही, घोरत होता. शेवटी म्हटलं, 'डेसमंड, पोरीसाठी, त्या दिवसापुरतं.' तर म्हणाला, 'पोरीसाठीच तर. सगळ्यात चांगलं जे आहे, ते नको का वापरायला? त्या दिवशी मी फाटका कोट घालू का?' आता ह्यावर काय बोलणार? मी काही बोलले नाही.

लग्न लागलं. चर्चमागच्या कुरणात तंबू. एका बाजूला बाहेरगावाहून आलेली आमची माणसं, एका बाजूला ब्रेमनची. सॅमन मासा आला, बटाटे आले, शॅम्पेन ओतली. कुणीतरी ग्लासवर चमचा वाजवला आणि हा उठला. कोटाची बटणं लावली. टेसानं माझ्याकडे बघितलं, मी ताटाकडे बघितलं. आणि ह्यानं सुरुवात केली... आणि पहिल्या शब्दालाच मला कळलं, मेले. सगळं नवं. 'आणि', 'पण'सुद्धा नवं. एक जुना शब्द औषधाला शिल्लक ठेवला नव्हता.

आता बघा हं काय झालं. माझ्या मागे माझी जाऊ, विनिफ्रेड, नवऱ्याला म्हणते, 'अगं बाई, जर्मन शिकला वाटतं ह्यांच्यासाठी! ह्या वयात!' ते पुढच्या टेबलावर गेलं, तिथून त्याच्या पुढच्या, आणि आमची सगळी माणसं डोळे ओले करून बघायला लागली, काय मनाचा मोठेपणा, काय उच्चार! आणि पलीकडे? पलीकडे हाइकोची आई, गुंडुला, हात जोडून ऐकतेय, तिला वाटतंय हे वरच्या दर्जाचं इंग्रजी. नंतर मला म्हणाली, 'मी आठ वर्षं इंग्रजी शिकले, एक वाक्य समजलं नाही, मला स्वतःची फार लाज वाटली.' हे समजतायत ते जर्मन, ते समजतायत हे इंग्रजी, दोघांना एक अक्षर कळत नाही, आणि दोन्ही बाजूंनी कोणी विचारेल तर शपथ! उलट टाळ्या. विनिफ्रेडचा नवरा तर उठून 'ब्राव्हो' ओरडला आणि म्हणाला, 'डेसमंड, फर्स्ट क्लास जर्मन!' ज्यानं जर्मन शब्दांना घरातून हाकललं, ब्रेडसुद्धा ठेवला नाही, त्याला! त्याचा चेहरा पाहायला हवा होता. मला हसू येणार होतं, देवाशप्पथ येणार होतं... पण माझं लक्ष टेसाकडे गेलं.

ती हसत नव्हती, रडत नव्हती. तिनं मांडीवरचा रुमाल काढून टेबलावर ठेवला, घडी घालून. आणि खुर्ची मागे सरकवली.

आणि तेवढ्यात मी ऐकलं. म्हणजे काय, तो शब्दन् शब्द मला पाठ होता ना, दुधासाठी पाठ केलेला. इतका वेळ रागानं कान बंद होते. ह्यावेळी ऐकलं, आणि तो काय बोलत होता ते कळलं. आख्ख्या तंबूत मला एकटीला. मग मी उठले. ग्लास सांडला, सांडू दे. मी मोठ्यानं म्हटलं, 'टेसा, बस खाली. ते काय म्हणतायत ते मी सांगते.'

मी सगळ्यांदेखत बोलायला लागले. रागानं, हो, रागानंच. म्हटलं, 'ते म्हणतायत, तू ब्रेमनला निघालीस तेव्हा ते स्टेशनवर तासभर आधी येऊन बसले होते, तू यायच्या आत रडून घ्यावं म्हणून. मग तू आल्यावर प्लॅटफॉर्मबद्दल बोलले.' तो थांबला. माझ्याकडे बघितलं. मग पुढचं वाक्य बोलला आणि पुन्हा थांबला, माझ्यासाठी. मी म्हटलं, 'ते म्हणतायत, लॅटिनच्या वर्गात पहिल्या दिवशी जे पहिलं क्रियापद शिकवतात, ते प्रेम करणे. मी प्रेम करतो, तू प्रेम करतेस, तो प्रेम करतो. वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या पोरांकडून ते घोकून घेतलं. स्वतःच्या पोरीला कधी म्हणून दाखवलं नाही. घरातल्या भाषेत ते म्हणायला गेलं की तोंडातून शब्द फुटत नाही.' मग शेवटचं वाक्य. अगदी छोटं. तेही मीच सांगायचं! पण सांगितलं. 'टेसा, माझं तुझ्यावर प्रेम आहे.' आणि ती आली, आणि बापाच्या गळ्यात पडली. त्याच्या हो. सांगितलं मी, गळ्यात पडली त्याच्या.

मला राग येऊ नये? छत्तीस वर्षांत जे वाक्य त्या माणसाच्या तोंडून मला ऐकायला मिळालं नाही, ते मी शंभर माणसांपुढे उभी राहून त्याच्या वतीनं म्हटलं, आणि तेही दुसरीला. जन्मात एकदा तोंड उघडलं, तर त्यातून निघाले ते त्याचे शब्द!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठरवलं, आता नाही गप्प बसायचं. चहा त्याच्यापुढे आदळला आणि विचारलं, 'डेसमंड, पोरीसाठी शब्द घडवलेस. कुत्र्यासाठी घडवलेस. मी कोण आहे रे ह्या घरात? माझ्यासाठी काय?' तर त्यानं कप खाली ठेवला, अगदी गंभीर झाला. म्हणाला, 'वाइफ हा जर्मन शब्द. तो मी सगळ्यात आधी काढला.' म्हटलं, वा. आणि जागी काय बसवलंस? तर म्हणाला, 'काही नाही. बसवून पाहिले पुष्कळ. तुला शोभेल असा एकही निघाला नाही.'

मला मेलीला भरून आलं हो. ह्याच्यावर धड चिडताही येत नाही. मी म्हटलं, 'अरे, मग ठरव की एखादा, मी काही लहान आहे का, कधी ठरवणार?' तर चष्मा पुसत म्हणतो, 'घाई नको, पॉलीन. चुकीचा एकदा गळ्यात पडला की जन्मभर सुटत नाही.'

म्हटलं, मला सांगतोस?