खरा रंग दाखवणारी लाईट

—न्हाई न्हाई, ताई, हात लावू नका, काय पाहिजे ते तोंडानं सांगा, मी काढून देतो. ती गोल लाईट वाकली तर तुमीच म्हणणार, आधीच वाकडी व्हती. चौसाळ्यात असलं दुसरं दुकान न्हाई, म्हणून आलात ना? मंग जरा दमानं. वरचा बोर्ड वाचला का? रुद्रप्पा फोटो स्टुडिओ. रुद्रप्पा म्हंजे माझे वडील. मी संगमेश्वर. तेव्हा आमी फोटो काढत व्हतो, आता मोबाइलची कव्हरं इकतो, चार्जर इकतो — अन् तुमच्यासारख्यांना लाईटी इकतो. ज्यांनी माझा धंदा बुडवला त्यांनाच सामान पुरवायचं. हसू नका. हसण्यासारखं काय हाय ह्यात?

कशासाठी पाहिजे लाईट? पोरींचे फोटो. लग्नाच्या बायोडाट्याला लावायचे. खेड्यात, त्यांच्या घरी जाऊन, मोबाइलवर. वा. म्हंजे स्टुडिओत पोरी लाजतात अन् घरी मोकळ्या हसतात, असं? मंग वडलांनी अन् मी मिळून पन्नास वर्षं पोरींना रडवतच व्हतो म्हणा की. बरं, तुमचा मोबाइल बघू. चांगला हाय. पण त्याचा डोळा केवढा, हरभऱ्याएवढा, त्याला उजेड लागतो भरपूर, न्हाईतर अंधारात दाणे दाणे दिसतात तोंडावर. फ्लॅश? फ्लॅश मागायचाच न्हाई, ताई. तो मोठ्या कॅमेऱ्याचा. मोबाइलशी जुळत न्हाई तो — मोबाइल फोटो घेतो त्याच्या आधी न्हाईतर नंतर चमकून मोकळा. तुमाला सतत जळणारीच लाईट पाहिजे. हे कोणी सांगितलं न्हाई तुमाला? यूट्यूबवर समदं सांगतात ना?

ही गोल लाईट न्या अन् सुटा. समदे नेतात. कावून नको? डोळ्यात बांगडी दिसती? दिसती, मंग काय झालं, पोरींना आवडती. चष्मेवाल्या पोरीच्या काचेत दिसती — हां, तेवढं खरं हाय तुमचं. मंग हा चौकोनी पॅनल घ्या. मागं बॅटरी बसती, खेड्यात लाईट गेली तरी तास-दीड तास चालतो. वजनाला हलका, गाडीच्या डिकीत मावतो. वरून ही पांढरी छत्री लावायची, उजेड मऊ होतो, नाकाची सावली गालावर पडत न्हाई. अन् स्टँड घ्या, पण अंगणात लावलं तर पायात वीट बांधा, वाऱ्यानं लाईट पोरीच्या डोक्यात पडंल अन् तुमी माझं नाव सांगाल. तो स्वस्तातला नको. त्यानं व्हिडिओत काळे पट्टे पळतात. बघा, मी तुमाला स्वस्तातलं खपवीत न्हाई, तरी तुमचं तोंड वाकडंच.

काय म्हणलात? रंग खरा दिसला पाहिजे? सीआरआय पंच्याण्णवच्या वर? — अरे वा, आकडे पाठ हायत तुमाला! खरा रंग दाखवणारी लाईट पाहिजे हिला! ताई, बायोडाट्याला खरा रंग कोण मागतं? पोरीची आई मागती? मला तर एक बी भेटली न्हाई. दारातून आत यायच्या आधीच म्हणायची, भाऊ, जरा उजळ येऊ द्या. मी करत व्हतो. सगळेच करत व्हते. त्यात पाप काय हाय? फोटो बघून माणसं घरापर्यंत तरी येतात. आल्यावर बोलणं होतं, घर दिसतं, पोरीचं वळण दिसतं. आधी यावं तर लागंल का न्हाई?

आलती ना. उदगीरहून आलती, दोन गाड्या भरून अकरा माणसं. अशीच एक पोरगी व्हती, गिऱ्हाइकाची. दोन छत्र्या लावून फोटो काढला, मंग कॉम्प्युटरवर बसलो. रंग तीन पायऱ्या वर नेला, नाक जरा बारीक केलं, ओठाखालचा तीळ पुसला. चांगलं काम झालतं, हाताची कला असती ती. शिवकांता म्हणली, असू द्या तीळ, तिच्या आजीचा हाय तो. मी म्हणलो, तुला काय कळतंय—

शिवकांता? शिवकांता माझी बायको. म्हंजे… हां. माझीच पोरगी. झालं समाधान? अपेक्षा नाव तिचं. बघता काय आसं? दुकानदाराला पोरगी नसती का?

पोहे घेऊन आली ती. पोराच्या आत्यानं पर्समधून फोटो काढला, पोरीच्या तोंडाशेजारी धरला, एकदा हिकडं बघितलं, एकदा तिकडं. अन् म्हणली, ही थोरली का? धाकटीला बोलवा की. अपेक्षानं ताट खाली ठिवलं, आत्याच्या हातातून फोटो घेतला. तिनं बघितलाच नव्हता तो. मी दाखवला नव्हता. बराच वेळ बघत राह्यली. मंग समद्यांच्या देखत मला इचारलं, अप्पा, ही कोण हाय?

मी काय म्हणायचं? सांगा ना, तुमी लई शहाण्या. मी म्हणलो — लाईटीचा फरक हाय.

हो, आसंच म्हणलो. अन् चूक काय व्हती? लाईटीचा फरक असतोच की! लोक उठून गेल्यावर बी म्हणलो. तिनं दुसऱ्यांदा इचारलंच न्हाई. आता अंबाजोगाईला नर्स हाय, चार वर्षं झाली. आईशी फोनवर बोलती. मी घेतला की ठिवून देती. व्हाट्सअॅपला सुदीक तोंडाचा फोटो लावत न्हाई, जास्वंदीचं फूल लावलंय. मी रोज बघतो — कधी बदलतंय का. तुमाला कशाला सांगतोय मी हे? तुमी लाईट घ्यायला आलात, लाईट घ्या.

तपासून बघायची? बघा, तपासा. तोंड पाहिजे समोर? माझं? माझं कशाला, हा डबा ठिवा, बाटली ठिवा… डब्यावर कातडीचा रंग कळत न्हाई, खरं हाय. बरं, घ्या. स्टूल ओढतो. छत्री थोडी डावीकडं करा — डावी कोणती ते माहीत न्हाई का? हां. थोडी खाली. आता ऱ्हाऊ द्या. हसा म्हणू नका, मी हसत नसतो. काढला? आणा इकडं.

…हे फिल्टर न लावता हाय?

न्हाई म्हंजे… आरशात मी रोज बघतो, पण आरसा आमच्या न्हाणीत हाय, तिथं पिवळा बल्ब. माझा फोटो कोण काढणार, मीच काढणारा. हे कपाळ बघा. हा रंग. हनुवटी बी तीच. ओठाखाली तिच्या तिळाच्या जागी बोट ठिवलं तर… ताई, ही अपेक्षाच बसलीय हो इथं. तीच बसलीय, म्हातारी होऊन.

पुसा तो. पुसून टाका म्हणलं ना. लाईट न्हाई इकायची मला. हा पॅनल न्हाई इकायचा, छत्री बी न्हाई. तुमी बीडला जा, तिथं मोठी दुकानं हायत, गोड बोलणारी माणसं हायत. पर्स उचला. थांबा — पुसला का? न्हाई ना? मंग ऱ्हाऊ द्या. ऱ्हाऊ द्या तसाच. कोणाला पाठवू नका. नंबर? कोणाचा नंबर? अपेक्षाला हा फोटो पाठवायला? तिचा नंबर तुमाला कशाला देऊ मी? उठा. उठा म्हणलं. जाताना ती लाईट बंद करून जा.