सहा इंच उंच जीप

सहा इंच. चार नाय, सहा — मी बहिरा नाय हौसेराव, ऐकलं तुझं. गाडी उंच केली की डुलते, वळनावर कलंडते. कलंडू दे. कलंडली तर चार जनं मिळून उभी करतील. पान्यात बंद पडली तर? तर कोन काय करतो, सांग ना. इतकी वर्षं मिस्त्री हायेस, सांग. — तू घाटावरचा मानूस, तुझ्या गावचं पानी विहिरीत गप बसतं, पोहरा सोडल्याशिवाय वर येत नाय. आमचं खाडीचं. बोलावलं नाय तरी येतं, आनि अवसेला, पुनवेला उधान आलं की रस्त्यावरच चढतं. तेव्हा स्प्रिंगचे पाटे वाढव, खाली ठोकळे घाल, लांब बोल्ट घाल, तुझं काम तू जान. मला गाडीचं पोट पान्याच्या वर पायजे. बस.

हसतोस काय? म्हाताऱ्याला या वयात हौस आली? आली. जमिनीच्या पैशानं जीप घेतली, आता मिरवतो — लिहून ठेव. — पयले पानी रस्त्यावर येत नव्हतं. का? बांध होता. बांधाला खांड पडली अशी हाक आली की सगळं गाव जेवत्या ताटावरून उठायचं, बाया, पोरं, सगळी, आनि हातानं चिखल थापायची. आता शेतं शहरात गेली. शेत नाय तर बांध कोनाचा? कोनाचाच नाय. परवा मी गेलो फावडं घेऊन, एकटा. एकट्यानं खांड बुजते का? नाय बुजत. बाजूला उभा राहून बघितलं फक्त — पानी आत येताना आवाज करत नाय, तुला माहीत हाय? नुसतं येतं.

सून हाय माझी, सोनल. दिवस भरलेत. डॉक्टरीन म्हनते अवसेच्या आसपास. अवसच! बाकीचे दिवस मेले होते का? दवाखाना पनवेलला, मधी तो रस्ता. — हां, हां, मघाशी बोललास तू. आधीच आनून ठेवा, इथनं दवाखान्याच्या वाटेत पानी नाय, आमची खोली हाय, बायको रखमा हाय बघायला. माझा मिथुन पन तेच म्हनतो, बापाला शिकवतो. गोटीरामची सून इथं कळंबोलीत, ट्रकांच्या गर्दीत, परक्याच्या खोलीत कळा देनार? गावात तोंड कुठं लपवू? तिला माहेरी आई नाय, म्हनून काय वाऱ्यावर टाकली? ती माझ्या घरातून जानार, माझ्या गाडीतून जानार, कोरडी जानार.

घाबरलो? कोन म्हनलं घाबरलो? मी उधानात होडी घातलेली हाय. — माझी बायको शेवंताबाई, तिच्या छातीत कळ आली तेव्हा पन घाबरलो नाय. हीच जीप. मिथुन चालवत होता, मी मागं, तिचं डोकं सुनेच्या मांडीवर, पाय माझ्या मांडीवर. उघाडीजवळ, बांधाच्या झडपेपाशी, पानी लागलं आनि इंजिन दोन उचक्या देऊन गप. मिथुन उतरून ढकलायला लागला. पानी दारातून आत आलं, माझ्या पोटऱ्यांवर आलं. मी तिचे पाय वर धरले. तिला ओल्या पायांचा राग यायचा, घरात कोन ओल्या पायानं आलं की ओरडायची — म्हनून वर धरले. ओहोटी लागेस्तोवर धरले. ओले होऊ नाय दिले. पन मधीच कधीतरी ते गार... काय नाय. गाडीचं बोलू.

आता बाजेवरून उठताना मी आधी हातानं जमीन चाचपतो. कोरडी हाय ना, मग पाय ठेवतो. हे तुला का सांगतोय मी? कोनाला बोलू नको.

ती निळी जीप कोनाची? डोंगरावर चढवतात ती? ती पन सहा इंचच उंच केलीस ना? मग बघू या, बसून बघतो. — सर बाजूला. हात नको देऊ. म्हातारा असलो तरी... थांब. गुडघा छातीला लागतो रे. दांडा धरून... नाय. परत एकदा. — नाय चढता येत.

हौसेराव, पोटुशी बाई कशी चढनार यात?

पायरी लावशील? आनि कळा सुरू असताना ती पायरी चढंल? मी उचलू तिला? एकीचे पाय उचलून धरले तेव्हा काय झालं, सांगितलं ना आत्ता. दोन दिवस मी इंचच मोजत बसलो, ती चढनार कशी हे डोक्यात आलंच नाय. पानीच दिसतं मला. डोळे मिटले तरी पानी.

माझी गाडी उघडली नाय ना अजून? चाकं तशीच हायेत ना? — तुझी खोली... कितव्या माळ्यावर? खालीच? उंबरा उंच नाय? रखमाला विचारलंस का नुसतंच बोललास तोंडदेखलं?

विचारलंस.

मग बघतोस काय माझ्याकडं? ओहोटी लागलीय, रस्ता उघडा हाय. आन ती चावी इकडं.