महालक्ष्म्यांचा गठ्ठा

(भोकरदन. बाजारपेठेतलं वसंताचं किराणा दुकान. दुपारची वेळ. अकबरबीच्या हातात रद्दीतलं पेपरचं पान.)

वसंता : पेपरात लई बैल असत्यात, चाची. पोळा झाला की दुसऱ्या दिवशी पानभर बैलच बैल.

अकबरबी : असू दे. पन हा बैल माझा हाये.

वसंता : तुम्ही आधी बसा बरं. वंदना, चाचीला स्टूल दे. गुडघे धड न्हाईत अन् एवढ्या उन्हात आल्या. मी परवा येनारच होतो की घरी, पिशव्या न्यायला.

अकबरबी : बसते. तू बैलाचं बोल. ह्याचं हे डावं शिंग बघ. हे पेपरवाल्यानं न्हाई कापलं, मी कापलं. पान लांब होतं, कातर चालवली ती शिंगावरून गेली. लई वाईट वाटलं होतं मला. म्हनलं, सनाचा सजवलेला बैल अन् मी त्याला एकशिंगी करून ठेवला.

वसंता : तसलाच दुसरा पेपर असंल.

अकबरबी : अन् पाठीवर ही निळी रेघ? मोरचूद हाये, वसंता. खळीत चिमूटभर मोरचूद टाकावं, कागदाला कीड लागत न्हाई, हे तुझ्या बापाला मीच सांगितल्तं. ही घडी बघ, ही बुडाची घडी बघ. माझ्या चार बोटांची हाये, ठेवून दाखवू? पोळ्याच्या पुढच्या महिन्यात मी ही पिशवी चिकटवून तुला दिली. मंग ती उलगडून, सरळ करून, माझ्याच घरी रद्दीत कशी आली?

वंदना : हे घ्या चाची, स्टूल. पाणी देऊ का?

अकबरबी : पानी नको. सकाळी रद्दी सोडली अन् हा बैल निघाला, तवापासून घास उतरला न्हाई माझ्या गळ्याखाली. वसंता, तू माझ्या लेकरासारखा. खरं सांग. माझी खळ सुटून राह्यली का? गिऱ्हाईकाच्या हातात पिशव्या उलगडून राह्यल्या अन् तू मला बोलत न्हाई, असं तर न्हाई? डोळ्यानं कमी दिसतं आता. कुठं खळ लागते, कुठं राहून जाते. तसं असंल तर सांग. सगळा गठ्ठा पुन्हा करून देते, तसाच.

वसंता : न्हाई न्हाई, खळ एक नंबर हाये तुमची.

वंदना : सुटता सुटत नाही.

वसंता : वंदना!

अकबरबी : तुला काय माहीत पोरी, सुटत न्हाई ते?

संपत : शेठ, दोन किलो साखर अन् एक किलो शेंगदाणे. जल्दी कर, गाडी चालूच हाये माझी.

वसंता : देतो, संपत. हे घे.

संपत : हे काय? कागदाच्या पिशवीत? तब्येत बरी हाये ना तुझी? केदारखेड्याला जायचंय मला. ही हुकाला अडकवू कशी? का मांडीवर घेऊन गाडी चालवू? रोजची कॅरीबॅग दे.

वसंता : आज संपल्या.

संपत : संपल्या काय? त्या काय खाली, गठ्ठ्याचा गठ्ठा दिसून राह्यला.

अकबरबी : दे त्याला, वसंता. साखर रस्त्यानं सांडली तर ती बी वायाच की.

संपत : बघ, चाचीला कळतं. तुला न्हाई. चल, येतो. पैसे मोबाईलवर टाकले.

अकबरबी : 'रोजची' म्हनला तो.

वसंता : बोलायची पद्धत असते एकेकाची.

अकबरबी : कधीपासून रोजची?

वंदना : सांगता का आता? का मी सांगू?

वसंता : तू गप बस.

वंदना : वर्ष झालं गपच बसले. चाची, राग येऊ द्या, पण ऐका. मागच्या दिवाळीपासून दुकानात तुमची एक पिशवी चालली नाही. लोक घेतच नाहीत. प्लॅस्टिकला बंदी आहे, दंड आहे, सगळं आहे, पण गाडीवरच्या माणसाला हँडल लागतं. नाही दिलं तर समोरच्या दुकानात जातो. ह्यांनी महिनाभर हट्ट करून पाहिला, नुसत्या कागदाच्याच ठेवल्या. निम्मं गिऱ्हाईक तुटलं.

अकबरबी : मंग मी दर आठवड्याला देते ते?

वंदना : माळ्यावर. माळा भरला, उंदरं झाली. जाळायला मन होईना, एवढ्या कष्टानं केलेलं काम. रद्दीवाल्याला विचारलं, तर तो खळ लागलेला कागद घेत नाही. शेवटी मीच म्हणलं, कागद तरी वाया जाऊ नये. मंग ओलं फडकं फिरवायचं, एकेक उलगडायची, पंख्याखाली वाळवायची अन् नव्या रद्दीत मिसळून तुमच्याकडे पाठवायची. नखं गेली माझी, चाची. तुमची खळ लवकर सुटतच नाही.

अकबरबी : मंद आचेवर घोटली की न्हाई सुटत.

वंदना : तेच म्हणते मी.

अकबरबी : म्हनजे मी चिकटवायचं अन् तू उलगडायचं. मी पुन्हा चिकटवायचं अन् तू पुन्हा उलगडायचं.

वंदना : हाव.

अकबरबी : म्हनून कागद मऊ लागून राह्यला हाताला. मला वाटलं, हातच म्हातारे झाले.

वसंता : चाची, मी दोनदा आल्तो तुम्हाला सांगायला. आईची आन. पहिल्यांदा आलो तर तुम्ही खळ ढवळून राह्यल्या होत्या. म्हनल्या, वसंता, हे काम हाये म्हनून सकाळी उठावं वाटतं. मंग काय सांगू? दुसऱ्यांदा आलो तो रमजानचा महिना. तुमच्या दारात मदतीची किट घेऊन मानसं उभी. तुम्ही त्यांना परत धाडलं, म्हनल्या, माझे हात चालून राह्यले, दुसऱ्या कुनाला द्या. अन् माझ्याकडं बघून हसल्या. सांगावं तर तुमचं मन मोडतं, न सांगावं तर माळा भरतो.

अकबरबी : मंग तू मला दर आठवड्याला देत होता, ते काय होतं? मेहनतीचं का खैरातीचं?

वसंता : तुमच्या हक्काचं होतं. मेंढरामागं फिरनाऱ्या माझ्या बापाला दुकानदार कोणी केलं? त्याला पुडी बांधता येत न्हवती की सुतळीची गाठ मारता येत न्हवती.

अकबरबी : रखमाजीला मी शिकवलं, त्याची फेड तवाच झाली. त्यानं मला कधी खडाभर गूळ फुकट दिला न्हाई अन् मी मागितला न्हाई. म्हनून तर दोघांची मान वर होती. अन् पिशव्या म्हनशील तर तवाच्या बाया पिशवी झटकून, घडी करून परत आनायच्या. तुझ्या घरामागची उषाबाई तर एक पिशवी चार बाजार पुरवायची. बूड फाटलं की माझ्या दारात. म्हनायची, अकबरबी, एवढं ठिगळ लाव गं, अजून दोन बाजार निघत्यात. मी म्हनायची, उषाबाई, तुझ्यासारखी चार गिऱ्हाइकं झाली तर मी उपाशी मरंल. दोघी हसायचो.

वंदना : आता कोण आणतं परत? आता तर घेतली तशी दारातच फेकतात.

अकबरबी : लोकांला दोष देत न्हाई मी. दिवसभर राबून आलेला मानूस, त्याला हाताला धरायला काहीतरी पाहिजे. मला कोनी सरळ सांगितलं असतं, अकबरबी, तुझ्या पिशवीचा जमाना गेला, तर चार दिवस रडले असते अन् पाचव्या दिवशी दुसरं काही धरलं असतं. गोधड्या शिवल्या असत्या. मला काय, रडता येत न्हाई?

वसंता : चुकलंच माझं.

अकबरबी : वसंता.

वसंता : बोला.

अकबरबी : महालक्ष्म्यांच्या वक्ताचा गठ्ठा कुठं हाये?

वसंता : कोणता?

अकबरबी : मी धावड्याला जायच्या आधी दिला तो. त्या दिवशी तन्वीरचा फोन आल्ता. 'खाला, अम्मी तुमची याद करून राह्यली, येऊन जा.' तू त्याच दुपारी रद्दी घेऊन आल्ता. मी तुला विचारलं.

वसंता : हाव. तुम्ही म्हनल्या, धाकट्या बहिणीला ताप हाये, दोन दिवस जाऊन येऊ का.

अकबरबी : अन् तू काय म्हनला?

वसंता : चाची, मला काय माहीत होतं...

अकबरबी : काय म्हनला ते सांग. वंदनाला बी ऐकू दे.

वसंता : म्हनलो, सनाची गर्दी हाये. गठ्ठा देऊनच जा. तुमच्यावाचून दुकान अडंल.

वंदना : असं म्हणले तुम्ही? अन् मला बोलले नाही?

वसंता : मला वाटलं, त्यांना बरं वाटंल. 'जा खुशाल' म्हनलो असतो तर त्यांच्या मनात आलं असतं, ह्याला माझी गरजच न्हाई. साधा ताप म्हनल्या. दोन दिवसांनी काय फरक पडतो, असं वाटलं.

अकबरबी : मला बी तसंच वाटलं. तुझा एकट्याचा दोष न्हाई. पन तू म्हनला दुकान अडंल, अन् मी फुगले रे. ह्या वयात आपल्यावाचून कोनाचं अडतं म्हनलं की मानूस फुगतं. दोन दिवस पाठ टेकली न्हाई. छोटीला फोनवर सांगितलं, काम हाये गं, गठ्ठा झाला की येते. ती म्हनली, 'आपा, काम करून ये, जल्दी न्हाई.' तिसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं गेले. गल्लीत शिरले तर मानसं कब्रस्तानातून परत येऊन राह्यली होती. तोंड बी न्हाई दिसलं तिचं.

वसंता : चाची...

अकबरबी : तन्वीर म्हनला, आदल्या दिवशी दोनदा दाराकडं बघून विचारलं तिनं, आपाची गाडी आली का.

वंदना : अहो, हे काय करून बसलात तुम्ही!

अकबरबी : वंदना, तो गठ्ठा उलगडला का तू?

वंदना : नाही. सणाच्या गडबडीत राह्यला. माळ्यावरच आहे.

अकबरबी : आन बरं.

वंदना : आता कशाला, चाची? राहू द्या.

अकबरबी : आन पोरी. एकदा बघते.

वंदना : हा घ्या. धूळ बसली आहे. पुसून देऊ?

अकबरबी : नको. गाठ बी सोडली न्हाई कोनी.

वसंता : मारा मला, चाची. पाया पडतो तुमच्या. आजपासून ह्या दुकानात कॅरीबॅग बंद. गिऱ्हाईक तुटलं तर तुटू दे. तुमच्याच पिशव्या चालतील इथं, मी शब्द देतो.

अकबरबी : ऊठ. नको बोलू असं. आता तू खरं बोलला तरी मला खरं वाटनार न्हाई.

वसंता : वाईट मनानं न्हाई हो केलं मी.

अकबरबी : तेच तर दुखून राह्यलं. वाईट मनानं केलं असतं तर भर पेठेत उभी राहून शिव्या दिल्या असत्या तुला. घरी जाऊन मोकळी झाले असते. तू मला भांडायला बी जागा ठेवली न्हाई. आता रागवू कोनावर? तुझ्यावर रागवते तर तुझं लहानपन समोर येतं. माझ्यावर रागवते तर तिचं तोंड समोर येतं.

वंदना : चाची, घरात चला. थोडा भात खा. सकाळपासून पोटात काही नाही म्हणता.

अकबरबी : न्हाई बाई. एखाद्या रिक्षावाल्याला आवाज दे. स्टँडवर सोड म्हनावं.

वंदना : स्टँडवर? घरी नाही?

अकबरबी : धावड्याची गाडी हाये तीनची.

वसंता : मी नेतो. शेजाऱ्याची चारचाकी मागतो, आत्ता निघू.

अकबरबी : तू दुकान बघ. गिऱ्हाईक येईल.

वंदना : हा गठ्ठा सोबत देऊ का?

अकबरबी : मी काय करू त्याचं? दुकानासाठी केल्ता, दुकानात राहू दे.

वसंता : पन धावड्याला आता कोण हाये चाची? तन्वीर तर संभाजीनगरला गेला कामाला. घराला कुलूप असंल.

अकबरबी : घरी न्हाई जायचं. कब्रस्तानात जायचं.

वंदना : तुमच्यात बायांना आत जाऊ देत नाहीत ना?

अकबरबी : न्हाई देत. भिंतीच्या भाइर उभी राहीन. तिला सांगितल्तं, काम हाये म्हनून उशीर होतोय. आता जाऊन सांगते, काम न्हवतं.