ओंजळीला एक बादली

बनुबाई : आवं, हळू चाला की जरा! परेडीला आलाय व्हय?

हंबीरराव : बघायचंच तर लाइनीनं बघ. डाव्या हाताला मोगरे. बारा. सगळे फालइन.

बनुबाई : दिसत्यात. बाग हाय का पलटन?

हंबीरराव : अठ्ठावीस वर्सं फौजेत काढली, दुसरं काय येतंय मला? आन ह्यो बहावा. मी आलो तवा नुसती काठी हुती. आता वर बघ. आजून वर.

बनुबाई : आगं बया! हळदीला बसल्यागत पिवळा झालाय की.

हंबीरराव : मग! आवडली न्हवं बाग?

बनुबाई : बागंला नाव ठिवलंय का म्या? एवढ्याशा अकरा गुंठ्यात लय ग्वाड फुलवलंय तुमी. पर ठरलंय ते ठरलंय. चार वाजता आपला ऋषिराज गाडी घिऊन येनार. बागंची किल्ली कमिटीच्या हरिबांकडं द्यायची आन आपुन त्याच्याकडं शिरवळला ऱ्हायला जायचं. त्याच्या कॉलेजापायी कराडात आलो. त्यो कंपनीत लागून धा वर्सं झाली, आन आपुन हितंच.

हंबीरराव : इतकी वर्सं हिकडं फिरकली न्हाईस. आज म्हनलीस, आदी बाग बघते, मग काय ते सांगते.

बनुबाई : बघतेच हाय की. घरात तुमची कंबर बघते, हितं बाग बघते. ह्या सगळ्याला पानी कुठनं?

हंबीरराव : बोअर हाय की.

बनुबाई : चालू हाय?

हंबीरराव : फाल्गुनापतोर हुती.

बनुबाई : आन आता?

हंबीरराव : पानी खाली गेलं. मग मारुतीपुढच्या हापशावरनं आनतो.

बनुबाई : रस्त्याच्या पल्याडनं? किती बादल्या?

हंबीरराव : थोड्या.

बनुबाई : सुभेदार, किती इचारलं म्या.

हंबीरराव : चाळीस... थांब, थांब! शिट्टी कुठाय माझी? ओ चाफ्याखालच्या बाई! हात खाली!

शरयूबाई : अहो, शिट्टी नका वाजवू, मीच आहे. समोरच्या इमारतीतली शरयू.

हंबीरराव : तुमीच आसनार. म्हयनाभर तुमचाच पयला नंबर. बोर्ड वाचलाय न्हवं? फुलं तोडू नयेत म्हनून?

शरयूबाई : वाचलाय हो. बत्तीस वर्षं शाळेत शिकवलंय, वाचता येतं मला. पण घरात चैत्रगौर बसलीय, तिला काय प्लॅस्टिकच्या माळा घालू? आणि आज माझ्याकडे हळदीकुंकू आहे.

हंबीरराव : समद्यांच्या घरात देव हायती. म्हनून माझी बाग भादरायची?

शरयूबाई : या वहिनी ना? नमस्कार. बरं झालं तुम्ही आलात. यांना कसं वाटतंय आता? परवा बादल्यांसकट आडवे झाले होते ना.

बनुबाई : कोन आडवं झालं?

हंबीरराव : कुनी न्हाई.

शरयूबाई : अहो, भर रस्त्यात! मागून ट्रॅक्टर येत होता. त्यानं ब्रेक दाबला म्हणून. मी आणि आमच्या यजमानांनी धरून या बाकावर आणून बसवलं.

बनुबाई : मला सांगितलं, रिक्षातनं उतरताना पाय मुरगळला.

शरयूबाई : अगं बाई. मी बोलायला नको होतं का?

बनुबाई : लय बरं केलंसा. आना हिकडं किल्ली.

हंबीरराव : बनू, ऐक तर.

बनुबाई : किल्ली!

(हंबीरराव खिशातून फाटकाची किल्ली काढून देतात. बनुबाई ती कनवटीला खोचतात आणि नवऱ्याकडे पाठ करून बाकावर बसतात. सुभेदारांनी आयुष्यात बऱ्याच साहेबांना सलाम ठोकले, पण एवढे कुणाला भ्यायले नसतील.)

बनुबाई : तुमी बॉर्डरवर हुता तवा दारात पोस्टमनची सायकल थांबली की म्या मागल्या दारी जाऊन बसायची. अठ्ठावीस वर्सं सोसलं ते. देवानं धडधाकट परत धाडलं. आता मोगऱ्यापायी ट्रॅक्टरखाली जाता व्हय? मला भ्या वाटतं वो.

हंबीरराव : चुकलं माझं. खोटं बोलायला नगं हुतं. पर शिरवळला चौथ्या मजल्यावर बसून म्या करू काय? सून चा देनार, नातू टीव्ही लावून देनार. हितं सकाळी कुलूप काढलं की वाटतंय, आजून आपलं कुनाला तरी काम पडतंय. मी गेलो तर आठ दिसात मोगरा वाळंल. पोटच्या पोरागत वाढवलाय गं.

बनुबाई : मला सांगू नगा.

हंबीरराव : मग कुनाला सांगू?

बनुबाई : ...ओ बाई, तुमच्या परडीत काय काय हाय?

शरयूबाई : चाफा, मोगरा, चार जास्वंदी. घराच्या जागी इमारत झाली हो, अंगणच गेलं. आधी फुलं विकत आणायचा प्रश्नच नव्हता. म्हणून येते चोरासारखी.

बनुबाई : तुमच्यागत किती जनी येत्यात?

हंबीरराव : चौदा. सगळ्यांचं टायमिंग पाठ हाय मला.

बनुबाई : फुलं न्यायला चौदा जनी, आन पानी वडायला एक मोडक्या कमरंचा म्हातारा?

शरयूबाई : असा विचारच केला नाही कधी. लाज वाटली बघा ऐकून.

बनुबाई : लाजून मोगरा जगत न्हाई. आमच्याकडं भांगलनीला सावड करत्यात. आज तुमी माझ्या रानात, उद्या म्या तुमच्या. हितं बी तसंच करा. वंजळभर फुलं न्या, कोन न्हाई म्हनत न्हाई. पर आदी एक बादली पानी वता.

शरयूबाई : आम्ही? बादल्या घेऊन? रस्त्यातून?

बनुबाई : का? देवाला तुमच्या हातची फुलं चालत्यात, झाडाला पानी चालनार न्हाई व्हय?

शरयूबाई : हे मात्र पटलं! बरं, संध्याकाळी सगळ्या माझ्याकडे डाळ-पन्ह्याला येणारच आहेत. तोंडात डाळ असली की कुणाला नाही म्हणता येणार नाही. तिथेच पाळ्या लावते.

हंबीरराव : पर चौदाच बादल्या हुत्यात. लागत्यात चाळीस.

शरयूबाई : यजमान मंडळी आहेत ना? रोज सकाळी बारा-तेराजण बाकांवर पेपर वाचत असतात. आमचे चिंतामणराव तर राशिभविष्यसुद्धा दोनदा वाचतात.

बनुबाई : त्यास्नी दोन दोन लावा. सावलीत बसत्यात न्हवं?

हंबीरराव : ते तयार झाले तर म्या बोर्ड बदलतो. 'पाणी घालणाऱ्यास एक ओंजळ मुभा. हुकमावरून.'

शरयूबाई : कुणाच्या हुकमावरून?

हंबीरराव : त्ये काय इचारायचं झालं? त्या बघा बाकावर बसल्यात.

शरयूबाई : मग आजची परडी नेऊ ना?

बनुबाई : न्या की. बादली तितंच हाय, कन्हेरीखाली.

शरयूबाई : आत्ता? या साडीवर?

बनुबाई : पदर खोचा. म्या येते हापसायला.

हंबीरराव : त्यो दांडा लय जड हाय, मी येतो...

शरयूबाई : सुभेदार, तुम्ही बसा!

बनुबाई : थांबा बाई, आदी फोन करते. हॅलो, ऋषिराज? निगालास का रं? न्हाई, न्हाई, ये की. पर आमी काय पिशव्या भरल्या न्हाईत. तू असं कर, येताना आपल्या गावात वाकडी वाट कर. गोठेवाल्या बिरदेवाकडनं शेनखताची चार पोती घाल गाडीत. गुलाबं पिवळी पडल्यात... तुजा बा? बरा हाय. बाकावर बसलाय. बसवलाय म्या... व्हय, शिरवळला येऊ की. पावसाळ्यात येतो चार दिस, तवा पानी घालायला लागत न्हाई. ठेवते.

हंबीरराव : बनू.

बनुबाई : काय?

हंबीरराव : किल्ली दे की मग.

बनुबाई : ती ऱ्हाऊ दे माज्या कनवटीला. उद्यापास्नं कुलूप म्या काढनार. तुमी मागनं या, सावकाश.