यंत्र म्हणालं, भांडण नाही

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आपल्या रुग्णालयाचे मोठे साहेब. व्यासपीठावरचे मुलांच्या वॉर्डाचे प्रमुख डॉक्टर आणि औषधविभागाचे प्रमुख. आज ज्यांना आपण निरोप देतोय त्या आमच्या संगणक खोलीतल्या बाई, त्यांचे यजमान. आणि चहाच्या आशेने का होईना, पण वेळेवर आलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो!

मला भाषणाची भीती वाटतेच. पण आज जास्त भीती वाटतेय ती वेगळ्याच कारणाने. तिकडे येतेच मी. आधी सत्कारमूर्तींविषयी चार शब्द.

बाईंना आपण पाठीमागे काय म्हणायचो? भित्री भागूबाई. हसू नका, त्यांना ठाऊक आहे. बघा, मान हलवतायत. कपाटाला कुलूप लावून तीनदा ओढून बघायच्या. संगणकाला द्यायची आज्ञा टाइप झाली तरी एंटरवर बोट ठेवायच्या नाहीत, हवेतच धरायच्या. मी नवीन होते तेव्हा मला वाटायचं, या बाईंच्या हाताखाली माझं कसं व्हायचं?

आमच्या खोलीत ज्यांचे पाय कधी लागले नाहीत, त्यांच्यासाठी सांगते. मुलांच्या वॉर्डातले पंप कुठलं औषध किती सोडायचं ते एका साध्या मजकुराच्या फाइलीतून घेतात. तिची एक प्रत डॉक्टरांकडे असते, एक औषधविभागाकडे. दोघंही आपापल्या प्रतीत दुरुस्त्या करतात. आम्ही काळ्या पडद्यावर आज्ञा देऊन दोन्ही प्रती मूळ फाइलीशी ताडून बघतो. गेलेल्या ओळीपुढे वजाची खूण येते, आलेल्या ओळीपुढे अधिकची. मग दुसरी आज्ञा दोघांच्या दुरुस्त्या एकत्र करते. दोघांनी एकच ओळ वेगवेगळी बदलली असेल तर यंत्र, म्हणजे आमचा संगणक, अडून बसतं, ‘इथे भांडण आहे, निवाडा करा’ म्हणून सांगतं. नाहीतर मुकाट्याने फाइल जोडून मोकळं होतं.

बाईंची रीत अशी, की मुकाट्याने जोडलेली फाइलसुद्धा मोठ्याने वाचायची. एकीने वजा ओळी, दुसरीने अधिक. शेजारच्या खोलीतले हिशेबनीस म्हणायचे, “झाले यांचे पाढे सुरू!” खरं सांगते, मलाही जांभया यायच्या.

मग तो आठवडा आला. मुलांच्या एका औषधाचा गुण येत नाही अशी तक्रार होती. डॉक्टरसाहेबांनी आपल्या प्रतीत मात्रा, म्हणजे तासाला किती मिलिलिटर सोडायचं ते, दुप्पट केली. त्यांचं बरोबर होतं. औषधविभागाने दुप्पट तीव्रतेची नवी बाटली मागवली आणि आपल्या प्रतीत तसं लिहिलं. त्यांचंही बरोबर होतं. एका दुखण्यावर दोघांनी इलाज केला, एकमेकांना न सांगता. बाटलीची ओळ फाइलीत वर, मात्रेची पार खाली. यंत्र म्हणालं, भांडण नाही.

आम्ही वाचायला बसलो. बाई मध्येच थांबल्या.

“अगं, ती बाटलीची ओळ परत वाच.”

“बाई, भांडण नाहीये म्हणतंय ना ते.”

“घरात नवराबायको भांडत नाहीत, कारण बोलतच नाहीत, असं नसतं का कधी? वाच परत.”

मी वाचली. वाचता वाचता लक्षात आलं, बाटली दुप्पट तीव्र आणि वर मात्राही दुप्पट. मुलांना हवं त्याच्या दुप्पट औषध गेलं असतं. आणि त्या वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेवर, माझी भाची होती. तेच औषध, तसलाच पंप. बहीण तिच्या उशाशी बसून होती. मी स्वच्छतागृहात जाऊन रडले. परत आले तर बाई दोन्ही विभागांना फोन लावत होत्या आणि त्यांचा आवाज माझ्याहून जास्त कापत होता. व्यासपीठावरचे दोन्ही प्रमुख मान खाली घालून बसलेत. कृपया तसं करू नका, तुमचं कुणाचंच चुकलं नव्हतं. म्हणून तर मला भीती वाटते. चुकणारा माणूस सापडतो. इथे शोधायचं कुणाला?

भाची आता शाळेत जाते, मावशीला उलट उत्तरं देते. देवो बापडी.

आता त्या वेगळ्या भीतीचं. अध्यक्षसाहेब, आपण मघाशी बाईंचं तोंडभरून कौतुक केलंत. त्याच ओघात म्हणालात, की बाईंची जागा भरणार नाही, यंत्र ‘भांडण नाही’ म्हणालं की फाइल थेट पंपांकडे जाईल. टाळ्याही पडल्या. मीही वाजवल्या, आपल्यासमोर हात कसे आवरणार? मग त्याचा अर्थ ध्यानात आला.

आज दुपारी बाई हार घालून घ्यायला इकडे आल्या आणि मी एकटीने फाइल जोडली. यंत्र म्हणालं, भांडण नाही. मी समोर बघितलं, तर खुर्ची रिकामी. मी एकटीने वाचून पाहिली. पण आपलाच आवाज ऐकताना मन पुढे पळतं, डोळे मागे राहतात. साहेब, ती फाइल मी पाठवलेली नाही. वॉर्डातून दोनदा विचारणा झाली, जुनीच चालू ठेवा म्हणून सांगितलं. आपली परवानगी घेतली नाही. माझी नोकरी कच्ची आहे, घरात मिळवती मी एकटी, आणि हे मी माइकवर बोलतेय, कारण आपल्या केबिनमध्ये मला बोलवलं नसतं. पण कुणीतरी समोर बसून ऐकल्याशिवाय ती फाइल माझ्या हातून जायची नाही.

बाईंना परत बोलावणार नाही. त्यांचं पुष्कळ भिऊन झालंय, आता त्यांना निवांत झोपू द्या. बाई, तुमचे उपकार मानायला माझ्याकडे शब्द नाहीत, भाचीकडून नमस्कार. आयोजकांचे आभार, आपण शांतपणे ऐकलंत त्याबद्दल सर्वांचे आभार. लहान तोंडी मोठा घास घेतला, जीभ कुठे घसरली असेल तर लेकीसारखी समजून माफ करा.

आणि साहेब, चहा नंतर घेऊ. खोली उघडी आहे. वजा ओळी तुम्ही वाचा, अधिक मी वाचते.