सुरमईचा वाडगा

आमच्या झुबेदाने, म्हणजे माझ्या बायकोने, एक प्रदर्शन जवळजवळ बुडवलं होतं. ब्याण्णव सालची गोष्ट. आखातात, अरादला, आमच्या वरच्या मजल्यावर एक मेक्सिकन बाई राहायच्या. आपल्या गावची माती आणून रोजच्या वापरातली भांडी नव्या घाटाने घडवायच्या. प्रदर्शनासाठी केलेला एक वाडगा त्यांनी आम्हाला नुसता बघायला दिला. रिकामं भांडं परत कसं द्यायचं, म्हणून झुबेदाने त्यात सुरमईचं कालवण भरून पाठवलं. मातीने सगळी हळद पिऊन टाकली.

मी माफी मागायला धावलो.

बाई वाडगा हुंगत म्हणाल्या, “आमच्या गावीही रिकामं देत नाहीत. मीच विसरले होते.”

प्रदर्शनात तोच वाडगा पुढे होता, डागासकट. नंतर राजमा भरून तो आमच्याकडे आला, आणि बाई अचानक मायदेशी गेल्या.

वाडगा अजून आमच्याकडेच आहे. झुबेदा तो रिकामा राहू देत नाही.